यानावरची फॅमिली

पहिल्या कागदावरचा प्रस्ताव असा होता : लष्करी शोधमोहिमेवर निघालेल्या अंतराळयानात कुटुंबांनी राहावे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत आमच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला विरोधाची बाजू आली होती. स्पर्धा बुधवारी, तिसऱ्या तासाला. दुसरा कागद पत्नीच्या हॉस्पिटलचा होता. तो गुरुवारी दुपारी दोनच्या आत भरून द्यायचा होता. दोन्ही कागद रविवारी घरात आले आणि जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या एकाच जगखाली ठेवले गेले.

हॉस्पिटलच्या कागदावर मजकूर थोडा होता. आखातातला तणाव पाहता इमर्जन्सी विभागातल्या सर्व रजा पुढील सूचनेपर्यंत रद्द. ज्यांना आपले कुटुंब मायदेशी पाठवायचे असेल त्यांना तिकिटांसाठी मदत केली जाईल. खाली तक्ता होता : जाणाऱ्या व्यक्तीचे नाव, नाते, पासपोर्ट क्रमांक, सही. पत्नी इमर्जन्सीत स्टाफ नर्स आहे. म्हणजे ती जाणार नव्हती. प्रश्न उरला माझा आणि मुलीचा. वसईला जायचे, की इथे बहरीनमध्ये, अरादच्या फ्लॅटमध्ये तिच्याजवळ राहायचे. ठरवायला चार दिवस होते.

मी मुंबईच्या एका मराठी दैनिकात एकोणीस वर्षे डेस्कवर काम केले. पत्नीला इथे नोकरी लागली, त्यानंतर वर्षभराने मी आणि मुलगी तिच्या व्हिसावर आलो. त्याला आता सहा वर्षे झाली. मी घरी बसून भाषांतराची आणि मुद्रितशोधनाची कामे करतो. मुलीला मराठी समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. इथे तिचे बोलणे बहुतेक मराठीत दिले आहे.

आणखी एका शब्दाचा खुलासा आधीच केलेला बरा. इथल्या भारतीयांत 'फॅमिली' म्हणजे बायको. मुले असतील तर बायको आणि मुले. बोलणारा पुरुष त्यात येत नाही. 'फॅमिली आणली का?', 'फॅमिली गावाला असते', 'फॅमिलीला बरं नाही.' हा शब्द मीही पहिल्या महिन्यातच उचलला. एकदा मुंबईच्या जुन्या सहकाऱ्याने फोनवर विचारले, घरचे कसे आहेत. मी सांगितले, "फॅमिली हॉस्पिटलात आहे." तो म्हणाला, "सगळेच? काय झालं, जेवणातून काही गेलं का?" त्याला समजावायला पाच मिनिटे लागली. पत्नी शेजारी उभी राहून हसत होती.

त्या रविवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. ते श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, मनामाच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात सेल्समन. आमच्या इमारतीत मराठी बोलणारी एवढी दोनच घरे आहेत. त्यांच्या हातात कांद्यांची पिशवी होती.

"काय पत्रकार, पाठवली का फॅमिली?"

"अजून नाही. तुम्ही?"

"शुक्रवारीच. खलास. आता मी आणि कुकर. तीन दिवस डाळ करतोय, तिन्ही दिवस वेगळी होतेय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "जुफेरला चक्कर मारून ये. नेव्हीवाल्यांच्या फॅमिल्या गेल्या म्हणतात. ज्यांची जहाजं, त्यांनी बायकापोरं काढली. आणि आपण काय, जहाज बघायला बसलोय?"

"बघितलंत तुम्ही, गेलेल्या?"

"तू आणि तुझी चौकशी! नाही बघितल्या. पण तिथल्या दुकानवाल्याने सांगितलं."

जुफेरच्या बाजूला परदेशी नौदलाचा तळ आहे. अरादहून तो खाडीपलीकडे काही किलोमीटरवर. शेजाऱ्यांनी सांगितलेले खरे होते की नाही, हे मी पडताळले नाही. पण त्या रात्रीच्या जेवणाआधी मी फॉर्म भरायला घेतला.

घरातले फॉर्म मीच भरतो. अक्षर सुटे आणि मोठे आहे. पासपोर्ट समोर ठेवले, तक्ता भरला, तारीख टाकली आणि कागद जगखाली ठेवून दिला. सोमवारी सकाळी पत्नी ड्युटीवर निघताना सही करायला बसली. तिने पेन उचलले आणि तसेच धरून ठेवले.

"हे काय केलंस?"

मी पाहिले. 'जाणाऱ्या कुटुंबीयांची नावे' या मथळ्याखाली मी दोन नावे लिहिली होती. पहिले तिचे. नाते : पत्नी. दुसरे मुलीचे.

"मलाच पाठवतोस? मग स्ट्रेचर कोण घेणार, तू?"

एकोणीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे काम केलेल्या माणसाने मथळा न वाचता मजकूर लिहिला होता. फॅमिली म्हटल्यावर हाताने सवयीने दोन नावे लिहिली. मी तसे सांगितले. तिने फॉर्मची घडी घातली, पर्समध्ये टाकली.

"दुसरा आणते. आणि तो मी भरते," ती म्हणाली.

सोमवारी मुलीची शाळा ऑनलाइन झाली. साडेनऊच्या सुमारास ती खोलीतून बाहेर आली आणि खिडकीपाशी उभी राहिली.

"डॅडी, विमानं कुठेयत?"

विमानतळ आमच्या इमारतीपासून जवळ आहे. विमान उतरताना बोलणे थांबवायचे आणि ते गेले की वाक्य पुढे न्यायचे, ही घरातली सवय होती. त्या सकाळी कुणाला वाक्य थांबवावे लागले नव्हते. हवाई हद्द बंद झाल्याची बातमी मी फोनवर पाहिली. किती वेळासाठी, ते त्यात नव्हते. मी तिला सांगितले, काही तासांसाठी. ती म्हणाली, "असं लिहिलंय का?" मी म्हणालो, नाही.

"मग पॉइंट्स काढू या," ती म्हणाली. "नाहीतर मी हेच बघत बसेन."

आम्ही टेबलाशी बसलो. मी मराठीत मुद्दा सांगायचा, तिने तो इंग्रजीत उतरवायचा. मी डेस्कवर काम करताना जसे करायचो तसेच केले : आधी प्रस्तावातले शब्द सुटे करायचे. लष्करी. शोधमोहीम. कुटुंब. राहावे.

"यान शोध घ्यायला निघालंय," मी म्हणालो, "म्हणजे बरीच वर्षं. त्यामुळे फॅमिली न्यावी असं समोरचे म्हणणार. पण ते लष्करी आहे. म्हणजे केव्हाही लढाईत जाऊ शकतं. शोधाच्या दिवशी फॅमिली चालेल, लढाईच्या दिवशी नाही."

"आणि आज कुठला दिवस आहे ते सकाळी कळत नाही."

"बरोबर. हा पहिला मुद्दा."

तिने लिहिले. मग विचारले, "यान परत कधी येणार?"

"प्रस्तावात नाही. सात वर्षं धर."

"म्हणजे मी वीस वर्षांची. सात वर्षं एका मुलीने आईला फक्त स्क्रीनवर बघायचं? समोरची टीम हेच विचारणार. मी त्यांच्यात असते तर हेच विचारलं असतं."

"त्याला उत्तर दुसरा मुद्दा. यानाच्या एका भागाला आग लागली. तो भाग बंद केला नाही तर सगळं यान जाईल. आत चौदा माणसं. कप्तानाची फॅमिली त्या चौदांत असेल तर तो दार बंद करेल का?"

"आणि नसेल तर तो पटकन करेल?"

"हो."

"चौदा माणसं असतानाही? हे चांगलं कसं, डॅडी?"

मी म्हणालो, चांगले नाही, सोयीचे आहे. ती म्हणाली, वादविवादात असे म्हणता येत नाही. तो मुद्दा तिने कंसात ठेवला. तिसरा मुद्दा संमतीचा होता : सैनिकाने सही केलेली असते, त्याच्या मुलांनी नाही, यानावर जन्मलेल्या मुलाला तर कुणी विचारलेलेच नसते. हा तिला सर्वांत आवडला. त्याखाली तिने दोन रेघा मारल्या.

पत्नी साडेचारला आली. हात धुऊन जेवायला बसली. बोंबलाचे सुके होते. मुलगी सोफ्यावर हेडफोन लावून भाषणाचा कागद बघत होती. दुपारनंतर दोन विमाने गेल्याचे मी पत्नीला सांगितले. तिने मान हलवली. अर्धी पोळी झाल्यावर ती बोलू लागली.

"आज ड्रिल होतं. सगळं खोटं. हाउसकीपिंगची माणसं आडवी केलेली, कपाळावर चिठ्ठ्या. एकामागून एक स्ट्रेचर आत. माझं काम दारात. कोण आधी, कोण नंतर, ते ठरवायचं. श्वास, नाडी, बोलतो का. एकेकाला अर्ध्या मिनिटाच्या आत."

"मग?"

"मी आधी पाय बघत होते."

"पाय कशाला?"

"बूट. तुमचे आहेत का ते."

तिने पाण्याचा घोट घेतला. पुढचे तिने ताटाकडे बघत सांगितले.

"खोटं आहे हे मला माहीत होतं. तरी प्रत्येकाचे बघितले. तिसऱ्या स्ट्रेचरवर निळे स्पोर्ट्स शूज होते, हिच्यासारखे. चादर तोंडापर्यंत. मी थांबले. चार सेकंद. तिथे एक जण घड्याळ घेऊन उभा असतो. शेवटी वाचून दाखवलं त्याने. दारावर चार सेकंद, कारण अज्ञात."

"तू कारण सांगितलंस?"

"काय सांगू? बूट आवडले म्हणून?"

मला हसू आले नाही, तिलाही नाही. तिने पर्समधून नवा फॉर्म काढला. ती तो हॉस्पिटलमध्येच भरून आली होती. दोन ओळी. माझे नाव, नाते : पती. मुलीचे नाव, नाते : मुलगी. खाली कर्मचाऱ्याची सही होती. माझ्या नावापुढचा सहीचा चौकोन रिकामा होता.

"मी जाणार नाही," मी म्हणालो. "तिला पाठवू. माझा भाऊ मुंबई विमानतळावर येईल. एअरलाइन मुलांना सोबत देते."

"आणि तू इथे काय करणार?"

"तू आहेस तोवर मी आहे."

"ते वाक्य छान आहे. पण करणार काय?"

तिने फॉर्म जगखाली ठेवला आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासायची त्या दिवशी माझी पाळी होती.

मंगळवारी ती सकाळच्या ड्युटीला गेली. मुलीने भाषण पूर्ण केले आणि मला तपासायला दिले. अकरा मुद्दे होते, साडेतीन मिनिटांचे. मी दोन ठिकाणी स्वल्पविराम बदलले आणि एक विशेषण काढले. कागद परत दिला तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? तुझे मराठी मुद्दे मी लिहून ठेवलेत. प्रत्येकात फॅमिली म्हणजे दुसरं कुणीतरी आहे."

"म्हणजे?"

"त्यांची फॅमिली. कप्तानाची फॅमिली. फॅमिलीला न्यावं, फॅमिलीला पाठवावं. जसं काही सामान आहे. एकाही मुद्द्यात आम्ही नाही. तू कोण आहेस त्या यानावर?"

"मी बाहेरून लिहितोय."

"बाहेरून म्हणजे कुठून? अंतराळातून?"

मी तिचा कागद पुन्हा पाहिला. ती म्हणत होती ते बरोबर होते. अकरा मुद्द्यांत मी कप्तानाच्या जागी उभा होतो. ज्या माणसाला कामावर असताना कुणीतरी मागे ठेवायचे असते त्याच्या जागी. आमच्या घरात त्या जागी मी नाही, हे मला सहा वर्षे माहीत होते. रेसिडेंट कार्डावर तसे छापलेले आहे : मी तिच्यावर अवलंबून. लिफ्टमध्ये, फोनवर, दुकानात मी ते उलटे बोलत आलो होतो, आणि त्याने कुणाचे काही बिघडले नव्हते. त्या आठवड्यापर्यंत.

दुपारी सव्वातीनला आमच्या दोघांच्या फोनवर एकाच वेळी मोठा आवाज झाला. इशारा यंत्रणेची चाचणी होती. संदेशात तसे स्पष्ट लिहिले होते. वाचेपर्यंत मुलगी टेबलाखाली गेली होती. शाळेने तसे शिकवले होते. तिने खालून विचारले, "टेस्ट?" मी म्हणालो, "टेस्ट." तरी ती आणखी थोडा वेळ तिथेच बसली. निळे शूज तिने घरात घातले होते. सोमवारपासून ती ते घरातही घालत होती, हे मला तेव्हा दिसले.

संध्याकाळी पत्नी आणि मी स्वयंपाकघरात दार लावून बोललो. आवाज खाली ठेवून.

"उद्या सांग," ती म्हणाली. "परवा फॉर्म द्यायचाय."

"मी इथे राहिलो तर तुला त्रास काय आहे?"

"त्रास तुझा नाही. तू असण्याचा आहे."

"हे माझ्या मुद्द्यांतलं झालं."

"तुझेच मुद्दे. दोन दिवस ऐकतेय मी. कप्तानाच्या मनावर ताण येतो म्हणे. कप्तानाला एवढं समजून घेतोस."

"ते वादविवादासाठी आहे."

"मग माझ्यासाठी वेगळे मुद्दे काढ. सांग मला, कुटुंब यानावर का असावं. तीन सांग."

मी एक सांगितला : तू घरी आलीस की घरात कुणीतरी असेल. ती म्हणाली, "आणि मी घरी आले नाही तर?"

बुधवारी तिची ड्युटी दुपारी दोनला होती. सकाळी ती घरीच होती. मुलगी तिच्या खोलीत संगणकासमोर बसली, केस बांधून, शाळेचा शर्ट घालून. दार अर्धे उघडे होते. आम्ही दोघे बाहेर, स्क्रीनवर दिसणार नाही अशा ठिकाणी उभे राहिलो. प्रस्तावाच्या बाजूने दुसऱ्या गटाची एक मुलगी आधी बोलली. आवाज ठाम होता. तिचे म्हणणे थोडक्यात असे : सात वर्षे माणसांना एकटे ठेवले तर ती माणसे शोध घेत नाहीत, दिवस मोजतात, यानावर घरे असतील तर ते यान परत येण्याची काळजी सगळेच घेतील.

आमच्या मुलीने पहिले पाच मुद्दे लिहिल्याप्रमाणे मांडले. सहावा कप्तानाचा होता. तो तिने वगळला. त्याऐवजी ती म्हणाली, "मला एक नर्स माहीत आहे. ती दारात उभी राहून कुणाला आधी वाचवायचं ते ठरवते. तिच्या शहरात तिचं कुटुंब आहे. म्हणून ती आधी जखमींचे बूट बघते. एका बुटामुळे तिचे चार सेकंद गेले."

पत्नीने माझा दंड धरला. ती खोलीत जाणार असे मला वाटले. ती गेली नाही.

भाषण संपले. उलटतपासणीला समोरच्या मुलीने लगेच प्रश्न टाकला, "म्हणजे त्या नर्सला कुटुंबच नसतं तर ती जास्त चांगली नर्स झाली असती?"

आमच्या मुलीने हातातला कागद उलटून पाहिला. स्क्रीनवर परीक्षक बाई घड्याळ बघत होत्या. एवढा वेळ वर्तमानपत्राच्या डेस्कवर कुणी गप्प राहिले असते तर आम्ही पुढचे पान घेतले असते.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "कुटुंब कुठे आहे ते तिला नक्की माहीत असतं, तर तिने बूट बघितले नसते. मी उत्तर देऊ शकते ते इतकंच."

"म्हणजे यानावरही चालेल? कुठे आहे ते माहीत असलं की झालं?"

"कदाचित. पण यानावर नक्की कधीच माहीत नसतं."

तिची बाजू हरली. परीक्षक बाईंनी सांगितले की विरोधी बाजूने 'कदाचित' म्हणायला नको होते. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"तू सोमवारी ऐकत होतीस," पत्नी म्हणाली.

"हेडफोन चालू नव्हता."

"चार सेकंद कुणाला सांगायचे नसतात."

"मी नाव नाही घेतलं."

"तुझी आई नर्स आहे हे वर्गाला माहीत नाही?"

"माझ्या वर्गात सात जणांच्या आया नर्स आहेत, मम्मी. कुणाचीही असेल."

पत्नी खुर्चीवर बसली. मुलगी उभीच राहिली. मग तिने जगखालचा फॉर्म ओढून काढला. ओल्या काचेचा गोल त्यावर उमटला होता.

"मी जाते," ती म्हणाली. "मला जायचं नाहीये. पण जाते. डॅडीने पण यायचं."

"डॅडी राहतो म्हणतोय," पत्नी म्हणाली.

"मग काय उपयोग? तू डॅडीचे बूट बघशील."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पत्नी उठून गॅस बंद करायला गेली आणि बराच वेळ तिकडेच थांबली. मी फॉर्म समोर घेतला, मथळा वाचला, माझ्या नावाची ओळ वाचली, नात्याचा रकाना वाचला आणि चौकोनात सही केली. ती बाहेर आली, कागद पाहिला, घडी घातली. तिला ड्युटीला निघायला पाऊण तास होता. आम्ही तिघांनी जेवून घेतले.

विमान शनिवारी सकाळचे मिळाले. पत्नीची ड्युटी सातला सुरू होत होती, त्यामुळे निरोप फ्लॅटच्या दारात झाला. तिने मुलीच्या बॅगेची चेन दोनदा ओढून पाहिली. मला म्हणाली, "गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत." शेजाऱ्यांनी गाडीने विमानतळावर सोडले. वाटेत ते बोलत राहिले; श्रीवर्धनला त्यांची फॅमिली त्यांच्या डाळीला व्हिडिओवर हसते, असे सांगत होते. टर्मिनलच्या दारात त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "यल्ला, निघा आता, पोहोचल्यावर मेसेज टाक. इंशाल्ला लवकर परत. आणि भाभीची काळजी नको. मी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय पत्रकार, ह्या वेळेला तूच निघालास होय!" ते हसले. मीही हसलो.

वसईत आम्ही भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहिलो. मुलीचे ऑनलाइन वर्ग बहरीनच्या वेळेने चालत. पत्नीचा फोन रोज दुपारी येई, दोन मिनिटे, कधी तीन. पाचव्या दिवशी तिने सांगितले की आता सगळे नीट आहे, ती काल पूर्ण आठ तास झोपली. मी फोन ठेवला आणि मुलीला ते सांगितले. मला खरोखर बरे वाटले होते. आम्ही निघालो ते ज्यासाठी, ते घडले होते.

मुलीने वही बंद केली. "कसं म्हणाली? शब्द सांग."

"म्हणाली, आठ तास झोपले, काळजी करण्यासारखं काही नाही."

"काळजी करण्यासारखं काही नाही, असं म्हणाली?"

"हो."

"ते ती पेशंटच्या नातेवाइकांना सांगते. घरी ती असं बोलत नाही. घरी म्हणते, मरत नाही मी."

मी आठवून पाहिले. तिचे बरोबर होते. पत्नीला घरी असताना पेशंटच्या नातेवाइकांचे फोन येत. त्यांच्याशी बोलताना तिचे मराठी, हिंदी, मल्याळम सगळे एकाच स्वरात येई, सपाट आणि मृदू. त्या स्वरात ती आमच्याशी कधी बोलली नव्हती. मी एका स्रोताचे म्हणणे जसेच्या तसे पुढे दिले होते.

मी फोन लावला. तिने चौथ्या रिंगला उचलला. मागे ट्रॉलीची चाके वाजत होती.

"काय झालं?"

"किती तास झोपलीस ते खरं सांग. ही विचारतेय."

चाके थांबली.

"दोन," ती म्हणाली. "दोन तास. पण तुम्ही इथे असता तर तेवढंही नसतं. हे पण सांग तिला."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिला ते पुन्हा म्हणायला लावले. मुलगी फोनकडे बघत ऐकत होती. मग तिने वाकून विचारले, "मम्मी, उद्या किती झोपलीस ते खरं सांगशील?"

"सांगेन."

"दोनच असले तरी?"

"दोनच असले तरी. ठेवते आता, स्ट्रेचर आलंय."

फोन बंद झाला. आम्ही वसईत आणखी सव्वीस दिवस राहिलो. रोज दुपारी ती आधी तासांचा आकडा सांगत असे, मग बाकीचे. आकडा तीनच्या वर फारसा गेला नाही.